दुधाचा नव्हता

भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या बैठ्या चाळीत कुठल्याही पोराचा दात हलायला लागला की ते पोर आधी आमच्या दारात यायचं. माझ्या आईचा हात हलका आहे असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ती पोराला उंबऱ्यावर बसवायची, पदराचं टोक बोटांवर गुंडाळायची आणि दाताला नुसती बोटं लावून त्याच्याशी गप्पा मारत राहायची. आज घरात काय केलंय, मासळी कुठली आणलीय, बाईंनी शाळेत मारलं का. पोर उत्तर द्यायला तोंड उघडायचं आणि तेवढ्यात दात पदरात आलेला असायचा. मग ती तो तळहातावर घेऊन पोराला दाखवायची. "बघ, ह्येका मूळ नाय. खालसून नवीन दात येता, तो ह्येचा मूळ खावन टाकता. म्हणान दुखना नाय." नंतर सगळी पोरं अंगणात जमायची, दात कौलांवर फेकला जायचा आणि उंदराला सांगितलं जायचं की आमचा जुना दात घे, तुझा नवा दात दे. कौलावर दात टक्कन वाजला पाहिजे, नाहीतर उंदराला कळत नाही, अशी आमची समजूत होती. ही आईची विद्या होती असं म्हटलं तरी चालेल. पोराचा दात वेळेवर हलतोय की नाही, मागून दुसरा दात उगवतोय आणि पुढचा जागा सोडत नाहीये की काय, हे ती एका नजरेत सांगायची. हे सगळं मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणामुळे झालं असं कुणी म्हणू नये.

माझे दात तिनंच काढले. आधी खालचे पुढचे दोन, मग काही महिन्यांनी वरचे दोन. तेव्हा मी पहिलीत की दुसरीत होते. वरचे नवे दात आले तेव्हा ते माझ्या तोंडाला फार मोठे दिसायचे, आणि त्यांच्या कडेला करवतीसारखी बारीक नक्षी होती. मी जिभेनं ती नक्षी चाचपत बसायचे. आईनं माझी हनुवटी वर करून उजेडात ते दात नीट पाहिले आणि म्हणाली, "आता ह्ये जपूचे हां, सुमे. ह्ये गेले तर परत नाय."

आमचं घर म्हणजे एक खोली, तिच्यात एका कोपऱ्यात ओटा आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोरी. मोरीला काळ्या दगडाची कड होती. मोठा भाऊ शिकायला गावी मामाकडे होता, त्यामुळे खोलीत आम्ही तिघंच. सकाळी कंपनीचा भोंगा व्हायचा, त्याच्याही आधी आईचा स्टोव्ह सुरू झालेला असायचा आणि त्याच्या फरफरीवर उकड्या तांदळाची पेज रटरटत असायची. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, कधी नुसतंच लोणचं. दुपारी आई पाट्यावर खोबरं वाटायची, आणि तो घासण्याचा आवाज मला अजूनही भुकेचा आवाज वाटतो. आता सुनेकडे मिक्सर आहे, दोन मिनिटांत वाटण होतं, पण मिक्सर लागला की मला भूक लागत नाही, कानच दुखतात.

आणि संध्याकाळी पखवाज. माझे वडील भजनी बुवा होते. दिवसभर कंपनीत मशीनवर उभं राहायचे, पण टेकडीवर त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळे बुवाच म्हणत. गणपतीत, सत्यनारायणाला, कुणाच्या बाराव्याला, बुवांचं भजन पाहिजेच. गोड गळा होता. बोलणं तर त्याहून गोड. चाळीत नवराबायकोची भांडणं झाली की लोक त्यांना मिटवायला बोलवत, आणि ते जाऊन नवऱ्याला समजवत की बाईमाणसावर हात टाकू नये रे, घरची लक्ष्मी असते. परत येऊन ते पाय धुवायला मोरीत उभे राहात आणि टॉवेल हातात द्यायला उशीर झाला म्हणून आईच्या पाठीत धपाटा घालत. आवाज होणार नाही अशा बेतानं. त्यांचा हात पखवाजाचा होता, कुठे मोकळा मारायचा आणि कुठे दाबायचा हे त्याला कळत होतं. मला ते फारसं मारत नसत. मी त्यांची लाडकी होते असंही लोक म्हणत, आणि तेही काही खोटं नव्हतं. भजनाहून येताना प्रसादाचा पेढा ते माझ्यासाठी रुमालात बांधून आणायचे.

मी तिसरीत असताना एका रविवारी त्यांच्या खात्याचे फोरमन आमच्याकडे जेवायला यायचे होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. बाबांना कंपनीत वरची जागा हवी होती आणि ती देणं साहेबांच्या हातात होतं. आदल्या दिवसापासून घर धुऊन पुसून झालं. आईनं सुरमई आणली, तिच्या तुकड्या तळल्या, डोक्याचं तिखलं केलं, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. परब काकींकडून स्टीलची ताटं आणली. काकी म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण, आमच्या घरात सुई पडली तरी त्यांना ऐकू जाई. मला नवा फ्रॉक घातला होता, आणि मी साहेबांच्या समोर बसून त्यांचं तोंड बघत होते. भला माणूस होता तो. जेवणाचं तोंडभरून कौतुक केलं, मला नाव विचारलं, कवितासुद्धा म्हणायला लावली. मग गमतीनं म्हणाले, "काय गं, तुझे बाबा घरी माझ्याबद्दल काय सांगतात?"

मी सांगितलं. मला विचारलं होतं म्हणून सांगितलं. "बाबा म्हणतात, साहेबांना कामातलं काही कळत नाही. नुसते मिरवतात."

साहेब हसले. खरंच हसले, अजून मला ते हसणं दिसतं, त्यात राग नव्हता. "बरोबर आहे की रे बुवा तुझं," असंही म्हणाले. बाबाही हसले. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. जेवण पूर्ण झालं, विडा झाला, आणि बाबा त्यांना खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले. परत आले ते हसऱ्या चेहऱ्यानंच चाळीतून चालत आले, वाटेत कुणाला तरी म्हणाले की साहेब खूश झाले बघ. घरात शिरून त्यांनी दार ओढून घेतलं. मी मोरीजवळ उभी राहून हात धूत होते.

थोबाडीत बसली एवढं आठवतं. त्या वेळी हाताचा नेम चुकला असावा, कारण आवाज मोठा झाला. मी फेकली गेले आणि तोंड मोरीच्या कडेवर आपटलं. दुखलं नाही, आधी नुसतं गरम झालं. मग मी बघितलं तर फ्रॉकवर लाल, फरशीवर लाल, आणि त्या लालमध्ये काहीतरी पांढरं पडलं होतं. आईनं ते उचललं. आमच्या चाळीतल्या सगळ्या पोरांचे दात जिनं तळहातावर घेऊन पाहिले होते तिनं तो दात तळहातावर घेऊन पाहिला. मीही पाहिला. वरच्या दोन नव्या दातांतला होता. त्याला मूळ होतं. दातापेक्षा लांब, खाली निमुळतं, पिवळसर.

बाबा त्या दाताकडे बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्या जागी जे आलं होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भीती होती ती. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि परब काकींचा आवाज आला, "वयनी, काय पडला गे?"

बाबांनीच दार उघडलं. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "काय नाय गे. चेडवाचो दात पडलो. दुधाचो हुतो."

काकींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. "येवढा रगात?"

आईची मूठ मिटलेली होती. तिनं एकदा बाबांकडे बघितलं, मग काकींकडे. "हां गे," ती म्हणाली. "हलतच हुतो. धावता धावता आपाटला."

त्यानंतर जे झालं ते मला त्या थपडेपेक्षा जास्त आठवतं. काकींच्या मागे आणखी बायका आल्या, पोरं आली, आणि दुधाचा दात पडला म्हटल्यावर पोरं अंगणात जमलीच. आईनं माझं तोंड धुतलं, कापसाचा बोळा कोंबला आणि दंडाला धरून मला बाहेर नेलं. दात तिनं मुठीतच ठेवला होता, कुणाला दाखवला नाही. एरवी ती दाखवायची. "म्हण गे," ती म्हणाली. मी बोळ्यातून उंदराला म्हणाले की माझा जुना दात घे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईनं हात उंच केला आणि दात फेकला. तो टक्कन वाजला.

मागच्या वर्षी माझी नात सोसायटीच्या जिन्यावर पडली आणि तिचा पुढचा दात हलायला लागला. तिला घेऊन आम्ही मुलुंडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिचा तो दुधाचाच होता, काही झालं नाही, पण त्या बाईंनी सुनेला समजावून सांगितलं ते मी बाजूला बसून ऐकलं. म्हणाल्या, साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात पडायला लागतात, दाढा मागाहून, बारा वर्षांपर्यंत चालतं. सहाव्या वर्षी मागच्या बाजूला कुठलाही दात न पडताच एक नवी दाढ येते, ती दुधाची समजून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, तसं करू नका. आणि मार लागून दात पडला तर आधी बघा तो कुठला आहे. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही. पण मोठा दात असेल, मूळ लांब असेल, तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं उचला, घासू नका, जमलं तर लगेच त्याच जागी बसवा, नाही जमलं तर थंड दुधात घालून धावत इकडे या. तासाभरात आलात तर वाचू शकतो. सून मान डोलवत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. आमच्या ओट्यावर त्या दिवशी साहेबांच्या चहासाठी आणलेलं दूध होतं, पातेलंभर. साहेब चहा न घेता गेले होते. टेकडीवर त्या काळी दुधाचा उपयोग कुणाला माहीत नव्हता हे मला कळतं. पण स्टेशनजवळ दातांचा दवाखाना होता, आणि तिथे जायचं नाही हे माहितीअभावी ठरलं नव्हतं.

तेव्हा मला वाटलं होतं की नवा दात येईल. हे आता कुणाला खोटं वाटेल, कारण मूळ मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आईनं इतक्या लोकांसमोर, इतक्या सरळ आवाजात सांगितलं होतं की मी माझ्या डोळ्यांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवला. दात हा तिचा विषय होता. रोज सकाळी मी पत्र्याच्या डब्याच्या झाकणात तोंड बघायचे. जिभेनं ती जागा चाचपायचे, कुठे टोक लागतंय का. गौरी-गणपती झाले, दिवाळी झाली. शाळेत बाई विचारायच्या, "अजून आला नाही का गं तुझा दात?" मी म्हणायचे येणार आहे. परब काकी अंगणात दिसल्या की माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मान फिरवायच्या. चाळीत सगळ्यांना कळलेलं होतं. पातळ भिंती होत्या आमच्या. तरीही बुवांचं भजन पहिल्यासारखंच चालू होतं, बायका पहिल्यासारख्याच त्यांच्या पाया पडत होत्या, आणि पोरं पहिल्यासारखीच हलते दात घेऊन आमच्या उंबऱ्यावर येत होती. वरची जागाही त्यांना मिळाली. साहेबांनी मनात काही ठेवलं नव्हतं. बाबांनी त्या आनंदात चाळीत पेढे वाटले, आणि मला त्यांनी चावताना अडचण नको म्हणून पेढा बारीक कुस्करून दिला. मी तो खाल्ला.

मग एकदा शाळेत तपासणीला डॉक्टर आले. रांगेत उभं करून एकेकीचं तोंड बॅटरीनं बघत होते. माझ्यापाशी थांबले. "हा दात कुठे गेला?"

"पडला. दुधाचा होता. नवा येणार आहे."

त्यांनी चमच्याच्या मागच्या टोकानं ओठ वर उचलला, शेजारचा दात बघितला, आणि ते खाली बसले, माझ्या उंचीला. "बाळ, तुझा दुधाचा दात त्याच्याही आधी पडलेला आहे. हा दुसरा होता. तिसरा नसतो." मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कसा पडला?"

"धावताना," मी म्हणाले. मला दुसरं काही सांगायचं असतं हे ठाऊकच नव्हतं.

घरी गेले तेव्हा आई मोरीत बसून बांगडे साफ करत होती. मी दप्तर न काढता तिच्यासमोर उभी राहिले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. तिनं एक बांगडा चिरला, आतलं काढलं, पाण्यात टाकला, दुसरा घेतला.

"माका म्हायत हा," ती म्हणाली.

"मग तू येणार म्हणून का सांगितलंस?"

"मगे काय सांगूचा हुता? बुवान चेडवाचो दात पाडल्यान म्हणान?"

"हो," मी म्हणाले.

तेव्हा तिनं वर बघितलं. मला वाटलं ती रडेल. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, कंटाळा होता, मी काहीतरी अगदी बावळटासारखं बोलले असावे असा. "आनी मगे खय जातलंय मी तुका घेवन? लोकांका काय, आयकतले नि घराक जातले. ऱ्हवाचा आपणाक हा." आणि मग, जणू विषय संपला, "हात धुव नि कोथमीर निवड."

मी कोथिंबीर निवडली. ती जे म्हणाली त्यात तथ्य होतं हे मला पुढे संसार करताना कळलं, आणि कळलं म्हणून ते मला कमी लागलं असं झालं नाही. बाबांचा हात जोरात बसला, त्याला मी राग म्हणू शकते. रागाला क्षण असतो. आईनं जे केलं ते रोज केलं. रोज कुणीतरी विचारायचं आणि रोज ती सांगायची येईल, येईल, उशिरा येतो कुणाकुणाचा. नंतर विचारणं थांबलं, आणि मग मीच हसणं थांबवलं. ओठ मिटून हसायला शिकले. शाळेच्या नाटकात घेतलं नाही, गाण्यात घेतलं नाही, कारण तोंड उघडल्यावर काळं भोक दिसायचं. बाबांनी मला गाणं शिकवायचं ठरवलं होतं, माझा गळा त्यांच्यासारखा आहे असं ते म्हणायचे. त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कपाळाकडे बघायचे, नाहीतर भिंतीकडे. पुन्हा त्यांनी मला कधी मारलं नाही. आईला मारायचे, पूर्वीसारखंच, बेतानं.

लग्नाचं वय झालं तेव्हा आईला दात आठवला. बघायला येणार म्हणजे हसावं लागणार. ती मला घाटकोपरला एका दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, खोटा दात बसवायला. म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "इथलं हाड दबलंय. लहानपणी मार लागला होता का?"

"नाही हो," आई माझ्या पायाशी उभी होती, तिथून चटकन म्हणाली. परक्या माणसापुढे ती शहरी मराठी बोलायची. "दुधाचा दात पडला, तो मग आलाच नाही."

 डॉक्टरांना दिसत होतं ते दिसत होतं. त्यांनी आरसा माझ्या तोंडातून काढला आणि तोंड मोकळं झालं. मी छताकडे बघत म्हणाले, "वडिलांनी थोबाडीत मारली. मोरीच्या कडेवर आपटले. दुधाचा नव्हता."

 डॉक्टर "बरं" म्हणाले आणि माप घ्यायच्या तयारीला लागले. आईच्या चपलांचा आवाज बाहेर गेला. मी मान वळवून पाहिलं नाही. माप घेऊन बाहेर आले तेव्हा ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.  घरी दारात शिरताच ती बाबांना म्हणाली, "हिना आज डागतराक सांगितल्यान." काय सांगितलं, हे तिला सांगावं लागलं नाही आणि त्यांना विचारावं लागलं नाही. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो नीट घडी घालून ठेवला, पखवाज काखोटीला मारला आणि भजनाला गेले. त्या संध्याकाळी कुणाकडे भजन नव्हतं.

खोटा दात छान बसला होता. मुलाकडच्यांना माझं हसू आवडलं. लग्नाच्या एका फोटोत मी लहानपणापासूनचं सगळं साठलेलं हसावं तशी तोंड भरून हसते आहे, आणि शेजारी बाबा फेटा बांधून उभे आहेत, तोंड दुसरीकडे वळवून. आई कॅमेऱ्याकडे बघते आहे, ताठ. ते दोघंही आता नाहीत. फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे, आणि येणारा-जाणारा तो बघून हटकून म्हणतो की बुवा किती हळवे झालेत बघा, लेक चालली म्हणून डोळ्यांत पाणी आलंय, लपवतायत. फार वर्षं मी चहा ओतत ते ऐकून घेतलं. आता मी हातातलं काम ठेवते, समोर बसते आणि त्यांनी तोंड का वळवलं होतं ते सांगते.